नाशिकचे ऊन आणि आपली हाडे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



ड जीवनसत्त्व आणि हाडे यांवर इतकी वर्षे काय केलेस ते दहा मिनिटांत सांग, असे संयोजकांचे फर्मान आहे. माझ्यापेक्षा आपल्या नाशिकचे सांगते. या विषयाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे नाव आहे आणि इथे ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुडदूस कशाने होतो यावर युरोपात वाद पेटला होता. मुलांचे पाय वाकायचे, टाळू वेळेवर भरायची नाही. मेलान्बी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले, की कॉडलिव्हर तेलाने हा आजार टळतो. त्याच सुमारास, 1919 मध्ये, बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली ठेवून मुले बरी केली. मग खरे कारण कोणते, खाणे की उजेड?

हचिसन आणि शहा यांनी नाशिक जिल्ह्यातली निरीक्षणे मांडणारा लेख 1922 मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. गरीब घरांत दूध-तूप जेमतेम, पण मूल दिवसभर उघड्यावर. तिथे मुडदूस नव्हता. खाऊन-पिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांत, मग ती हिंदू असोत वा मुसलमान, मुडदूस होता. अशा घरातली मुलगी वयात आली की तिचीही हाडे मऊ पडत. कंबरेची हाडे अशी वाकली की बाळंतपण अडते. त्या काळी अडलेले बाळंतपण म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारायला हवे होते.

आज आपल्याला दोन्ही बाजूंचे खरे कळते. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. माशाच्या तेलातही तेच असते. त्याचे मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे. मात्र ते किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, आणि 'कोवळे ऊन' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यात ते फार थोडे असतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली पाहिजे. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. शाळेत पी.टी.च्या तासाला मैदानावर उभे केले म्हणून आपण सरांना किती नावे ठेवली! आता माझ्या नात्यातली मुले फ्लॅटमधून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून वर्गात, वर्गातून क्लासला. मला तर हा नवा पडदाच वाटतो.

पण नुसत्या उन्हाने भागत नाही. पुण्यात गरीब वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना वर्षभर कॅल्शियम घातलेले लाडू आणि जोडीला ड जीवनसत्त्व दिले गेले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साध्या लाडवांच्या गटापेक्षा त्यांच्या हाडांत खनिज जास्त भरले. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात औषध खाऊ म्हणून जाते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते, तीळही चांगले. सकाळ-संध्याकाळच्या चहातले दूध मोजू नका.

सकाळपासून सहा जणींनी मला विचारले, की 60 हजारांची पुडी घेऊ का? ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट दिले, तर पडणे आणि हाड मोडणे दोन्ही वाढले. हा निष्कर्ष 2010 चा. अमेरिकेत 25 हजारांवर लोकांच्या अभ्यासात निम्म्यांना रोज 2000 युनिट दिले, सुमारे पाच वर्षे; फ्रॅक्चर कमी झाले नाहीत, हे 2022 मध्ये छापून आले. ती बहुतेक माणसे कमतरता नसलेली होती, हे ध्यानात ठेवा. कमतरता असेल तर औषध हवेच. ज्यांचे हाड किरकोळ धडपडीत मोडले, ज्यांना स्टिरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी तर डॉक्टरांनी दिलेले काहीही माझ्या भाषणामुळे थांबवू नये. शेजारणीची पुडी बघून आपली सुरू करणे एवढेच मला नको आहे.

जेवणानंतर रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी सांगाव्यात: दिवसाला दूध-दही किती, आणि दुपारच्या उन्हात किती वेळ. आकडा मी नंतर बघेन.