गाडी घेण्याआधी सहा महिने हप्ता भरून पाहा
(जबलपूर येथील खातेदारांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



जबलपूरकरांना गाड्यांचे कौतुक नवे नाही. आपल्या वाहन निर्माणीत सैन्यासाठी शक्तिमान ट्रक बनले आणि जोंगाही बनली. ‘जोंगा’ हे नावच ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांतून आले. निसानच्या गाडीवर बेतलेली, चारही चाकांना जोर देणारी ती दणकट गाडी होती. पण ती किती पेट्रोल पिते हे ऐकले की हौशी माणसाची निम्मी हौस तिथेच उतरायची.

आज आपल्यातल्या अनेकांच्या मनात जोंगा नाही, छोटी एसयूव्ही आहे. पंच घेऊ की एक्स्टर? मॅग्नाइट की फ्रॉन्क्स? थोडे पैसे घालून नेक्सॉन, सोनेट किंवा कायलॅक घेऊ का? मी बँकेत होतो, गॅरेजमध्ये नव्हतो. त्यामुळे अमुक गाडी घ्या असे मी सांगणार नाही. दोन गाड्यांची तुलना आपल्या पासबुकाशी कशी करायची, एवढेच सांगणार आहे.

आधी हे समजून घ्या की या गाड्या एवढ्याशा का आहेत. यांतल्या बहुतेकांची लांबी ३९९० ते ३९९५ मिलिमीटर भरते, म्हणजे चार मीटरला अगदी थोडी कमी. कारण कराचे आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर सरकार ती छोटी गाडी धरते. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर थोडा उपकर. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून तिच्यावर ४० टक्के. सारख्याच आकाराच्या दोन गाड्यांच्या किमतीत फरक दिसला, तर त्यातला काही भाग निव्वळ कराचा असू शकतो.

दुसरी गोष्ट. ‘एसयूव्ही’ या शब्दाचे पैसे देऊ नका. मघाशी घेतलेल्या नावांपैकी एकाही गाडीत जोंगासारखा चारही चाकांना जोर नाही. फ्रॉन्क्सचा पाया बलेनोचा आहे, एक्स्टरचा ग्रँड आय टेन निऑसचा. जमिनीपासूनची उंची आणि ऐसपैस बसणे मिळते, ते उपयोगाचे आहे. पण त्याच घरातली साधी हॅचबॅक तेच काम कमी पैशांत करते का, हे एकदा जरूर पाहा.

आता एक हकीकत सांगतो. ओळखीचे एक जोडपे शोरूममधून थेट माझ्याकडे आले. दादा कारखान्यात नोकरीला, निवृत्तीला सहा वर्षे. मुलगी बारावीत. गाडीची ऑन रोड किंमत ९ लाख. हातात ३ लाख, ६ लाखांचे कर्ज. शोरूममधल्या मुलाने सात वर्षांची मुदत सांगितली होती आणि कागदावर हप्ता लिहून दिला होता, ९,८०६ रुपये. दादा म्हणाले, “साहेब, दहा हजारांच्या आत बसतेय.” वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “सातवे वर्ष पेन्शनीत जाईल ना?”

त्यांचा प्रश्न बरोबर होता. मग आम्ही कागद घेऊन बसलो.

व्याजदर ९.५ टक्के, घटत्या शिल्लकेवर. सात वर्षे भरले तर व्याज जाते सुमारे २ लाख २४ हजार. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता १२,६०१ रुपये होतो आणि व्याज सुमारे १ लाख ५६ हजार. हप्ता लहान झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली असे नाही. या उदाहरणात ती सुमारे ६८ हजारांनी महाग झाली.

इथे एक सावधगिरी. कोणी तुम्हाला “फक्त ७ टक्के फ्लॅट” म्हणाले तर हुरळून जाऊ नका. ६ लाखांवर ७ टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षे पूर्ण ६ लाखांवर व्याज, २ लाख १० हजार. मुद्दल फिटत गेले तरी व्याज कमी होत नाही. घटत्या शिल्लकेवरचे साडेनऊ टक्के त्यापेक्षा बरेच स्वस्त. म्हणून सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ कर्जदाराला ते देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा. मुदतीआधी फेडले तर दंड किती, तेही तिथेच वाचा.

आता किमतीकडे येऊ. जाहिरातीत असते ती एक्स-शोरूम किंमत. त्यावर वाहन कर, नोंदणी, विमा, फास्टॅग आणि सामान लागते. मध्य प्रदेशात वाहन कर किमतीच्या टक्क्यांनी घेतात आणि डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा जास्त लागतो. गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस कापतात. तो आयकर विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी तो खिशातूनच जातो.

विम्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. १००० सीसीपर्यंत तो ६,५२१ रुपये, १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये, वर जीएसटी. हा दर सगळीकडे सारखा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यात मात्र कंपनीगणिक फरक पडतो. शोरूममधूनच विमा घ्या अशी सक्ती कोणाला करता येत नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा आणि मग बोला. सीट कव्हर, मॅट, पॉलिश यांचे पॅकेजही वेगळे लिहून मागा. नको असेल ते खोडा.

मेळ्याबद्दल नेहमी विचारतात. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि उज्जैनच्या विक्रमोत्सवात अलीकडे काही वर्षी वाहन करात ५० टक्के सूट मिळाली. रक्कम मोठी असते. पण त्या वर्षी सूट जाहीर झाली आहे का, नोंदणी कुठल्या आरटीओत होणार, गाडी आणण्याचा खर्च किती, आणि जबलपूरचा विक्रेता तेवढी किंमत इथेच कमी करतो का, हे विचारून मगच निघा.

आता तुमचे स्वतःचे किलोमीटर मोजा. हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. दादांचे महिन्याला ८०० किलोमीटर निघाले: रांझीहून ये-जा, रविवारी ग्वारीघाट, अधूनमधून नागपूर. शहरात लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०७ रुपये धरले, तर महिन्याला सुमारे ५,७०० रुपये. सीएनजी गाडी ९० हजारांनी महाग आहे आणि महिन्याला १,९०० रुपये वाचवते असे धरू. ते ९० हजार वसूल व्हायला चार वर्षे लागतील. महिन्याला ४०० किलोमीटरच चालणार असेल तर आठ वर्षे. शिवाय पंप आपल्या वाटेवर आहे का आणि टाकी बसवल्यावर डिकीत किती जागा उरते, हे पाहायला हवे.

तुलना नेहमी मॉडेलची नको, व्हेरिएंटची करा. एका गाडीचे सगळ्यात खालचे आणि दुसरीचे सगळ्यात वरचे व्हेरिएंट शेजारी ठेवले की भलताच निष्कर्ष निघतो. सनरूफ आणि मोठा पडदा सोडून द्यावा लागला तरी चालेल. एअरबॅग, ईएससी आणि मागच्या मधल्या सीटचा तीन टोकांचा पट्टा मात्र सोडू नका. नेक्सॉन, कायलॅक आणि महिंद्रा थ्री एक्स ओ यांना भारत एनकॅपमध्ये पाच तारे आहेत. कोणत्याही गाडीचा निकाल पाहताना तो कुठल्या व्हेरिएंटला लागू आहे, हेही वाचा. डिकी आकड्यांवर सोडू नका. एक्स्टरची ३९१ लिटर, पंचची ३६६, फ्रॉन्क्सची ३०८. पण नागपूरला लग्नाला जाताना तुमची बॅग आत बसते का, हे बॅग नेऊनच कळेल. चाचणीला घरातल्या आजींना न्या. त्यांना चढता-उतरता आले पाहिजे. गाडी शोरूमसमोरच्या रुंद रस्त्यावर न चालवता आपल्या गल्लीत, आपल्या स्पीडब्रेकरवर चालवा.

आता दादांच्या कागदाकडे परत. पाच वर्षांचा हप्ता १२,६००, पेट्रोल ५,७००, विमा-सर्व्हिस-टायरसाठी ३,५००. महिन्याला २१,८०० रुपये. दादा गप्प झाले. मी म्हटले, गाडी नाही असे समजू नका. गाडी आली आहे असे समजा. पुढचे सहा महिने दर पाच तारखेला २१,८०० रुपये आवर्ती ठेवीत टाका. जमले तर गाडी तुमची. नाही जमले तर काहीच बिघडले नाही, पैसे तुमच्याच नावावर आहेत.

मी आणखी एक अट घातली. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडायची नाही, पीपीएफला हात लावायचा नाही, आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बाजूला राहिली पाहिजे. मुदत ठेव पुन्हा करता येते. पीपीएफमध्ये मात्र वर्षाला भरण्याची मर्यादा आहे, एकदा काढलेली मोठी रक्कम एकदम परत घालता येत नाही.

दुसऱ्या महिन्यात त्यांची ओढाताण झाली. वहिनींनी हिशेब पाहिला आणि पेट्रोलचा आकडा कमी करायला दादा कामावर स्कूटरनेच जातील असे ठरले. तरी ठेव चुकली नाही. सहा महिन्यांत १,३०,८०० रुपये जमले, व्याज वेगळे. ते आधीच्या ३ लाखांत घातल्यावर कर्ज उरले ४,६९,२०० रुपयांचे. पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता येतो ९,८५४ रुपये.

तो आकडा पाहून वहिनी हसल्या. शोरूममधल्या मुलाने लिहून दिलेला हप्ता ९,८०६ होता. म्हणजे हप्ता जवळजवळ तोच, पण दोन वर्षे आधी मोकळे. व्याज २ लाख २४ हजारांऐवजी १ लाख २२ हजार. आणि पेन्शन सुरू होण्याआधी कर्ज संपलेले. त्यांनी कुठली गाडी घेतली ते मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या तुम्ही सगळे तीच विचारत जाल.

घरी जाऊन एवढेच करा. एका कागदावर दोन रकाने आखा, दोन गाड्यांसाठी. खाली लिहा: व्हेरिएंट, ऑन रोड किंमत, हातातली रक्कम, पाच वर्षांचे व्याज, तुमच्या किलोमीटरचे इंधन, विमा आणि सर्व्हिस. बेरीज करा. मग त्या बेरजेखाली लिहा, पाच वर्षांनी मुलगी कितवीत असेल आणि आपण कितीचे असू. तो कागद घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

आणि शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी, येत्या पाच तारखेला पहिला हप्ता स्वतःच्या खात्यात भरा.