वेबसाइटला दिलेली परवानगी काढून घेताना

अँड्रॉइड मोबाइलवर, क्रोम ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडली,
की कधीकधी एक छोटी चौकट येते.
सूचना पाठवण्याची परवानगी मागते.
घाईत बोट 'अनुमती द्या'वर पडते.

आणि मग, श्रोतेहो, सूचनांचा मारा सुरू होतो.
'फोनमध्ये व्हायरस शिरला आहे!'
'बक्षीस लागले आहे!'
बहुतेकदा फोनला काहीच झालेले नसते.
वेबसाइटला दिलेली परवानगी तेवढी शाबूत असते.

दिलेली परवानगी काढून घेता येते.
क्रोम उघडावे.
कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवावे.
आधी सेटिंग्ज... मग साइट सेटिंग्ज... मग नोटिफिकेशन्स.
परवानगी मिळालेल्या वेबसाइटची यादी तिथे दिसते.
अनोळखी नाव निवडावे, परवानगी बंद करावी.
नुसती हिस्ट्री पुसून हे काम होत नाही.

कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशनच्या परवानग्याही साइट सेटिंग्जमध्येच असतात.
बातम्या वाचायला कॅमेरा कशाला हवा?
तोही बंद करावा.

पुन्हा एकदा, श्रोतेहो...
दिलेली परवानगी काढून घेता येते.

व्हायरसची भीती घालणाऱ्या सूचनेवर मात्र बोट ठेवू नये.
फसवणुकीत पैसे गेलेच,
तर सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा.
क्रमांक आहे १९३०...
एक, नऊ, तीन, शून्य.