वाढ थांबली तरी शहर उभं राहावं



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना लवकरच भोसरी, तळवडे किंवा चाकणमध्ये नोकरी लागेल आणि पहिल्याच आठवड्यात एक आकडा तुमच्यासमोर येईल : गेल्या वर्षीपेक्षा यंदा उत्पादन किती जास्त. या परिसराचं त्या आकड्याशी जुनं नातं आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आणि बजाज आले, त्यांच्या आसऱ्याने असंख्य छोटे वेंडर आले. दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या माणसांना इथे पगार, घर आणि मुलांसाठी शाळा मिळाली. त्या वाढीचं ऋण मोठं आहे आणि ते मान्य करूनच माझं म्हणणं असं, की या पट्ट्याचं सगळं जगणं अखंड वाढीवर टांगून ठेवणं आता परवडणारं नाही. वाढ मंदावली, अगदी थांबली, तरी माणसांचं काम, पाणी आणि औषधपाणी चालू राहील अशी व्यवस्था धोरण ठरवून उभी करता येते.

आधी पाण्याचं बघू. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांपलीकडे गेली. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागलं, आणि तेही त्या वर्षी भरपूर पाऊस होऊन. पवना धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचे जीव गेले. शहराची तहान मावळातल्या शेतकऱ्याच्या दारात नेऊन भागवायची, हा त्या वाढीचा न लिहिलेला खर्च होता. इंद्रायणीवर आळंदीत तरंगणारा सांडपाण्याचा फेस हा तसाच दुसरा खर्च. यावर उत्तर येतं की तंत्रज्ञान सुधारेल, प्रत्येक वस्तूमागे पाणी कमी लागेल. ते झालंच पाहिजे, पण नगामागे वाचलेलं पाणी नगांची संख्या वाढली की पुन्हा खर्ची पडतं. म्हणून मर्यादा आधी ठरवावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे करून दाखवलं आहे. पाऊस मोजून ग्रामसभा वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार पिकं ठरतात. उसासारखी तहानलेली पिकं गावाने दूर ठेवली, शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली. गाव त्यामुळे गरीब झालं नाही, उलट कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पवना, इंद्रायणी आणि भामा यांच्या खोऱ्यांसाठी असाच ताळेबंद करावा. त्यात नदीचा आणि शेतीचा वाटा पहिला असावा, कारखान्यांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळावं आणि नव्या बांधकामांना परवानगी उरलेल्या पाण्यातच द्यावी.

सर्वांत अवघड आक्षेप रोजगाराचा आहे. वाढ थांबली की ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखाना बंद, येतो आणि पहिला घाव कंत्राटी कामगारावर बसतो, हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला तेव्हा त्याची झळ किती घरांना लागली, हे तुम्ही जाणता. पण काम कमी झालं की माणसं कमी करायची, हा एकच मार्ग नाही. चाकणमध्ये जिचा कारखाना आहे त्या फोक्सवॅगनने १९९४ मध्ये जर्मनीतल्या आपल्या कारखान्यांत कामाचा आठवडा ३६ तासांवरून २८.८ तासांवर आणला आणि सुमारे ३०,००० नोकऱ्या वाचवल्या. कामगारांचं वार्षिक उत्पन्न मात्र घटलं. तिथल्या कामगाराला ते सोसता आलं. इथल्या कंत्राटी कामगाराला घरभाडं आणि हप्ते भरून एका दिवसाचा पगारही सोडवत नाही. म्हणूनच तास वाटून घेण्याचं धोरण एकटं चालणार नाही. परवडणारी भाड्याची घरं, वायसीएमसारखी सक्षम सार्वजनिक रुग्णालयं आणि वेळेवर येणारी पीएमपी बस त्याच्या सोबत हवीत, कारण पगारातला मोठा हिस्सा घरभाडं, उपचार आणि प्रवासच खाऊन टाकतात. आपण मात्र उलट्या वाटेने निघालो आहोत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील असं सांगितलं गेलं, तरी मला तो निर्णय चुकीचा वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हाही त्याला विरोध करणारे होतेच.

भारतासारख्या गरीब देशात हा विचार चैनीचा आहे, असंही म्हटलं जातं. गडचिरोली आणि नंदुरबारला रस्ते, दवाखाने, वीज आणि कारखानेही हवेत, यात शंका नाही. पण चाकणमध्ये आणखी एक वाहन कारखाना आल्याने नंदुरबारचं कुपोषण कमी होत नाही. कुठे वाढायचं आणि कुठे पुरे म्हणायचं, हे वेगवेगळं ठरवता येतं. आणि हा विचार नवाही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेल्या जे. सी. कुमारप्पांनी १९४५ मध्येच टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार पुस्तकातून मांडला होता. कॅनडाचे अर्थतज्ज्ञ पीटर व्हिक्टर यांनी २००८ मध्ये आपल्या देशासाठी गणिती प्रतिमान मांडून दाखवलं, की कामाचे तास कमी केले, उत्पन्नाचं फेरवाटप केलं आणि कार्बनवर कर लावला तर जवळपास शून्य वाढीतही बेकारी आणि गरिबी घटू शकते. ते प्रतिमान श्रीमंत देशाचं आहे, जसंच्या तसं इथे लावता येणार नाही. पण वाढ थांबली की अनर्थ अटळ, हा समज त्याने खोटा ठरवला आहे.

तुम्ही अभियंते आहात, म्हणून एक गोष्ट थेट तुमच्या हातात आहे. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ही जबाबदारी ड्रॉइंगच्या टप्प्यावरच सुरू होते. वीस वर्षं चालेल, भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये खोलता येईल आणि सुटा भाग बदलून पुन्हा धावेल असं वाहन बनवा. दुरुस्तीतही माणसांना काम मिळतं, तेही कुशल काम. आणि तुमच्यासमोर उत्पादनवाढीचा आकडा मांडला जाईल, तेव्हा त्याच्या शेजारी नदीतून उचललेल्या पाण्याचा आणि कामावरून कमी केलेल्या माणसांचा आकडाही मागा.