होडीचं ठिगळ आपल्या हातानं

आज होडीच्या दुरुस्तीबद्दल बोलू या.

डिंभ्याच्या, माणिकडोहच्या पाण्याकाठी राहणाऱ्यांना होडीचं मोल सांगायला नको. ती काठावर पालथी पडली, की तेवढे दिवस जाळं कोरडं आणि हातात पैसा नाही. तरी होडीला तडा गेला, की आपण म्हणतो, "गडीमाणूस बघेल." मग कारागिराची वाट बघण्यात दिवस जातात. नाहीतर तशीच होडी पाण्यात घालतात, आणि ते तर जिवावरचं काम.

बायकांना हे जमतं का? २०१७ च्या १० सप्टेंबरला नौदलाच्या सहा अधिकारी मुली गोव्याहून 'तारिणी' ही शिडाची नौका घेऊन निघाल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख. नौकाही गोव्यातच बांधलेली. पृथ्वीला फेरा घालून २१ मे २०१८ ला त्या परत आल्या. भर समुद्रात काही मोडलं, तर मिस्त्री कुठून आणणार? जे करायचं ते सहा जणींनीच. शेवटच्या टप्प्यात सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा मात्र त्या मॉरिशसच्या बंदरात थांबल्या. आपल्या हातानं काय होतं आणि कुठं थांबायचं, ही दोन्ही शहाणपणं दुरुस्तीत लागतात.

दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर तर एकट्या होत्या. एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला फेरा घालायची 'गोल्डन ग्लोब' शर्यत त्यांनी २०२३ मध्ये जिंकली. वाटेत बंदरात जाऊन दुरुस्ती करून घेतली, तर मुख्य शर्यतीतून बाद, असा तिथला नियम. दुसरे आलेले आपले अभिलाष टॉमी. त्यांच्या नौकेचं आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं, तर त्यांनी संडासाचं दार कापून त्याचं पातं केलं. शीड फाटलं, तर तेही सुई-दोऱ्यानंच शिवायचं. गोधडी शिवणाऱ्या हातांना हे काय अवघड आहे?

आता आपल्या फायबरच्या होडीकडे वळू. तिचं ठिगळही गोधडीसारखंच, थरावर थर.

पहिलं काम, होडी बाहेर काढून पूर्ण वाळू द्या. ओल राहिली, तर ठिगळ धरत नाही.

मग तड्याच्या आजूबाजूला नाण्यानं ठोकून बघा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसं. टणक आवाज आला तर जागा पक्की. बद्द आवाज आला तर आतला थर सुटलेला आहे. ती सगळी जागा दुरुस्तीत धरायची.

सुटलेलं काढून टाका. तड्याच्या चारी बाजूंनी चार-चार बोटं जागा पॉलिश पेपरनं खरखरीत करा. ही धूळ काचेची असते. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, हातात मोजे आणि अंगभर कपडे हवेतच.

फायबर मॅटचे तीन तुकडे कापा, एकापेक्षा एक मोठा. रेझिन लावून एकेक थर बसवा आणि ब्रशनं दाबून आतली हवा काढा. बुडबुडा राहिला, तर पाणी तिथूनच शिरतं.

आता नीट ऐका. रेझिनबरोबर हार्डनर मिळतो, कधी कोबाल्टही मिळतं. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचं, शेवटी हार्डनर. प्रमाण डब्यावर लिहिलेलंच. हार्डनर डोळ्यात गेला, तर डोळा जाऊ शकतो. लगेच भरपूर पाण्यानं धूत राहा आणि दवाखाना गाठा. काम उघड्यावर करा. चूल, विडी आणि लेकरं लांब ठेवा.

ठिगळ पूर्ण कडक झाल्यावर होडी काठाला बांधून रिकामीच पाण्यात सोडा. तासाभरानं आतून हात फिरवून बघा. कोरडी असेल, तरच माणसं बसवा.

भोक तळहाताहून मोठं असेल, तडा तळाच्या मधल्या कण्यावरून गेला असेल, किंवा तोच तडा पुन्हा उघडला असेल, तर कारागिरालाच बोलवा. पण त्याला चहा देऊन घरात जाऊ नका. शेजारी उभ्या राहा, बघा, विचारा. पुढच्या वेळी ते ज्ञान आपल्याकडे असेल.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: मॅट, रेझिन, ब्रश, मोजे, मास्क आणि चष्मे यांची एक पेटी गटाच्या पैशातून घ्यायची आणि दोघींनी ती सांभाळायची. पावसाळ्याआधी गावातली प्रत्येक होडी नाण्यानं वाजवून बघायची.

होडी आपल्या घरात आहे, तर तिची दुरुस्तीही आपल्याला यायला हवी. काठावर बसून वाट बघण्यापेक्षा ते बरं. पुन्हा भेटू, नमस्कार.