न्यू साउथ वेल्स : दोन बंडे आणि एक अघोषित युद्ध



२६ जानेवारी ही तारीख भारतीयांना प्रजासत्ताक दिनामुळे परिचित आहे. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात ती दोनदा येते. १७८८ साली याच दिवशी गव्हर्नर आर्थर फिलिप याने सिडनीच्या खाडीकाठी ब्रिटिश निशाण उभारले; आणि बरोबर वीस वर्षांनी, १८०८ साली, त्याच निशाणाच्या चाकरीत असलेल्या पलटणीने आपल्या गव्हर्नरला अटक केली.

ही वसाहत मुख्यतः इंग्लंडमधील तुडुंब भरलेले तुरुंग रिते करण्यासाठी वसविण्यात आली होती. भारतात ज्याला काळे पाणी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. तेथे विधिमंडळ नव्हते आणि ज्यूरीही नव्हती. सर्व सत्ता गव्हर्नरच्या हाती होती. फौजदारी खटल्यात न्यायाधिकाऱ्याबरोबर सहा लष्करी अधिकारी बसत. गव्हर्नरविरुद्ध दाद मागायची तर इंग्लंडला पत्र धाडायचे आणि उत्तराची कित्येक महिने वाट पाहायची. अशा वसाहतीत सत्तेचे प्रश्न पहिल्या तीस वर्षांत वारंवार शस्त्रांनी सुटले, यात नवल नाही. नवल आहे ते शस्त्र उचलणाऱ्या निरनिराळ्या माणसांना मिळालेल्या वागणुकीचे.

सर्वांत आधी शस्त्र उचलले ते त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनी. १७८९ साली देवीसारख्या साथीने सिडनीभोवतालच्या वस्त्या ओस पडल्या होत्या. शिकारीच्या आणि कंदमुळांच्या जमिनींवर गहू-मक्याची शेते पसरू लागली होती. १७९० च्या डिसेंबरात बिजिगल गणाच्या पेमुलवूय याने गव्हर्नरच्या शिकाऱ्याला भाला मारला. एरव्ही समंजस म्हणून ओळखला जाणारा फिलिप इतका संतापला, की त्याने सैनिकांबरोबर कुऱ्हाडी आणि मुंडकी आणण्यासाठी पोती दिली! तुकडी रित्या हातांनी परतली. यानंतर सुमारे बारा वर्षे पेमुलवूयने शेते जाळली व वस्त्यांवर हल्ले केले. १७९७ साली पॅरामॅटा येथे तो गोळ्यांनी जबर जखमी होऊन पकडला गेला, पण बरा होताच पायातल्या बेडीसह निसटला. १८०१ मध्ये गव्हर्नर किंग याने त्याला कायद्याच्या संरक्षणातून वगळून बक्षीस लावले. १८०२ मध्ये तो गोळीस बळी पडला. त्याचे शिर मद्यार्कात घालून सर जोसेफ बँक्स यांच्याकडे इंग्लंडला पाठविण्यात आले. त्याच वेळी किंगने त्याच्या शौर्याची आणि स्वतंत्र वृत्तीची लेखी प्रशंसाही केली. या संघर्षाला सरकारने युद्ध म्हटले नाही. युद्ध म्हटले असते, तर या जमिनीला आधीचा धनी होता हे मान्य करावे लागले असते.

दुसरा उठाव कैद्यांचा. आयर्लंडमधील १७९८ चा उठाव मोडल्यावर तेथील अनेकांना या वसाहतीत धाडण्यात आले होते. त्यांच्यापैकी फिलिप कनिंगहॅम हा कॅसल हिल येथील सरकारी शेतावर गवंड्यांचा मुकादम होता. ४ मार्च १८०४ च्या रात्री त्याच्या नेतृत्वाखाली कैद्यांनी तेथील ठाणे ताब्यात घेतले व हॉक्सबरी नदीकडील सोबत्यांना मिळण्यासाठी कूच केले. सिडनीहून मेजर जॉर्ज जॉन्स्टन मूठभर सैनिकांसह रातोरात चालून आला. दुसऱ्या दिवशी त्याने दोनशेहून अधिक बंडखोरांना गाठले. बोलणी करण्याच्या निमित्ताने तो पुढे झाला. नेते समोर येताच त्याने व त्याच्या स्वाराने त्यांच्या डोक्यांवर पिस्तुले रोखली आणि मागील सैनिकांना गोळीबाराचा हुकूम दिला. पंधरा माणसे जागीच पडली. घायाळ कनिंगहॅमला विनाचौकशी सरकारी कोठाराच्या जिन्यावर फाशी देण्यात आले. आणखी आठजण फासावर गेले. कित्येकांच्या पाठी चाबकाने सोलून निघाल्या. या ठिकाणाला आयर्लंडमधील रणभूमीवरून ‘व्हिनेगर हिल’ हे नाव पडले.

चार वर्षांनी बंड केले ते याच जॉन्स्टनने. वसाहतीत नाण्यांचा तुटवडा असल्याने मद्य हेच चलन झाले होते. ‘रम’ हा शब्द तेथे कोणत्याही कडक दारूला लावीत, आणि त्यातील बरीचशी बंगालहून येई. (१७९७ मध्ये बास सामुद्रधुनीत फुटलेल्या ‘सिडनी कोव्ह’ या गलबतावर कलकत्त्याची हजारो गॅलन दारू होती, त्याचे बहुतेक खलाशी भारतीय होते.) न्यू साउथ वेल्स पलटणीचे अधिकारी या व्यापारात आणि जमिनीत गबर झाले होते. नवा गव्हर्नर विल्यम ब्लाय याने १८०७ मध्ये दारूच्या बदल्यात होणाऱ्या देवघेवीवर बंदी घातली. ‘बाउंटी’ जहाजावर एकदा बंड सोसलेल्या या माणसाची जीभ तिखट होती, हेही खरे. सगळा दोष दारूवर ढकलणे इतिहासाला धरून होणार नाही. धनाढ्य जॉन मॅकार्थरवर खटला उभा राहताच सहा अधिकाऱ्यांनी त्याची बाजू घेतली, ब्लायने त्यांच्यावर राजद्रोहाचा ठपका ठेवला, आणि २६ जानेवारीच्या संध्याकाळी पलटण वाद्ये वाजवीत गव्हर्नरच्या निवासावर चालून गेली.

दोन वर्षे सत्ता बंडखोरांकडे राहिली. १८१० च्या आरंभी लॅक्लन मॅक्वारी गव्हर्नर झाला. मुंबईत आणि श्रीरंगपट्टणच्या स्वारीत लष्करी चाकरी केलेला हा अधिकारी स्वतःची पलटण घेऊनच आला, आणि जुनी पलटण मायदेशी परतली. मुक्त झालेल्या कैद्यांना मॅजिस्ट्रेट नेमण्याइतका तो उदार होता. मात्र १८१६ च्या एप्रिलमध्ये त्याच्याच हुकमाने निघालेल्या सैनिकांनी ॲपिन येथे रात्री आदिवासींना कड्यावरून लोटले. किमान चौदाजण मेले, त्यांत बायका व मुले होती. ठार झालेल्या पुरुषांची प्रेते झाडांना टांगावीत, असा त्या हुकमात स्पष्ट उल्लेख होता.

जॉन्स्टनवर १८११ साली लंडनमध्ये लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. बंडाचा गुन्हा शाबीत झाला. त्याला नोकरीतून बडतर्फ करण्यात आले, एवढेच! १८१३ मध्ये तो सिडनीजवळच्या आपल्या शेतीवाडीवर परतला आणि तेथेच १८२३ साली वारला. मॅकार्थरला अटकेच्या भीतीने १८१७ पर्यंत इंग्लंडमध्ये राहावे लागले. १८२३ च्या कायद्याने गव्हर्नरच्या एकछत्री सत्तेला प्रथमच सल्लागार विधिमंडळाची जोड मिळाली. त्यावर सभासद नेमले जात, निवडले जात नसत. १८२५ साली नेमलेल्या सभासदांत जॉन मॅकार्थर होता. पेमुलवूयचे शिर परत करण्याची मागणी त्याचे वंशज आजही करीत आहेत. ते अद्याप सापडलेले नाही.