मस्कतमधला आमचा संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. परंतु मागच्या सभेत असे ठरले की, मी परदेशात नवऱ्याबरोबर राहून आले आहे, तेव्हा तेथले खाणेपिणे, सणवार आणि रोजचे जीवन कसे असते ते मी सांगावे. परत आल्यापासून चक्कीवर, लग्नकार्यात, जेथे भेट होईल तेथे मला दोनच प्रश्न विचारले जातात. सोने किती आणले, आणि तिकडे दिवसभर काय करत होता? पहिल्याचे उत्तर एका वाक्यात देते. एक मंगळसूत्र मोडून गेले होते, तेवढे परत केले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, म्हणून कागदावर लिहून आणले आहे.

आमचे हे एसी दुरुस्तीचे काम करतात. वर्धेच्या आयटीआयमध्ये शिकले आणि २०११ साली ओमान देशाची राजधानी मस्कत येथे एका कंपनीत लागले. कंपनी दोन वर्षांतून एकदा घरी येण्याचे तिकीट देई. सात वर्षांत हे तीन वेळा आले, दर वेळी चाळीस दिवस. लग्न झालेली बाई आणि चाळीस दिवसांचा संसार! बाकीचे दिवस मी, सासूबाई, मामंजी आणि आमचा मुलगा.

बायकोला तिकडे न्यावयाचे तर नवऱ्याचा पगार सरकारने ठरविलेल्या रकमेइतका असावा लागतो. ती रक्कम सहाशे रियाल होती. २०१७ च्या अखेरीस ती तीनशेवर आणली, आणि ह्यांचा पगार त्याच्या थोडा वर होता. ह्यांनी फोन केला, "आता तू येऊ शकतेस." मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी पोटात गोळाही उठला. मुलगा आठवीत होता. तिकडे भारतीय शाळा चांगल्या आहेत, परंतु फी, बसचे भाडे आणि मोठी जागा धरली तर घरी एक पैसा पाठविता आला नसता. घर बांधायचे होते, मामंजींच्या डोळ्यांचे ऑपरेशन व्हायचे होते. दोन रात्री मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "जा बाई, पोराले मी पाह्यतो. नवरा एकटा किती दिवस डबा खाईन?"

मुलाची आठवीची परीक्षा झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये मी निघाले. वर्धेहून मुंबईला रात्रभर रेल्वे लागली, आणि मुंबईहून मस्कतला विमानाने तीन तासही नाहीत. घड्याळ मात्र दीड तास मागे. मुंबईच्या विमानतळावर साहेबांनी माझे पारपत्र उलटून पाहिले व शिक्षण विचारले. जी व्यक्ती दहावी झालेली नाही तिच्या पारपत्रावर तशी तपासणीची नोंद असते. मी नोकरीस नव्हे तर नवऱ्याकडे जात आहे, हे कागद पाहून त्यांनी जाऊ दिले. या नोंदीविषयी आणखी सांगावयाचे आहे, ते पुढे.

आम्ही रुवी नावाच्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्यांची जागा, त्यात एक खोली आमची, एक तेलुगू कुटुंबाची, स्वयंपाकघर दोघींत. शेजारी केरळची एक परिचारिका, खालच्या मजल्यावर बांगलादेशची माणसे. ओमानी माणसे शेजारी कमी आणि दुकानात, दवाखान्यात, रस्त्यावर भेटत. बोलणे सगळ्यांशी मोडक्या हिंदीत होई. ओमानी दुकानदारही हिंदी बोलत. याचे कारण जुने आहे. १९७० सालापर्यंत त्या देशात आपलेच रुपये चालत, शेवटची काही वर्षे तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळे काढलेले रुपये. आजही त्यांच्या रियालचे हजार भाग होतात आणि त्या भागाला 'बैसा' म्हणतात. आपल्या पैशाचाच भाऊ आहे तो. त्यांचा एक जुना सुलतान, तैमूर, १९६५ मध्ये आपल्या मुंबईत वारला. हे मला तेथल्या एका म्हाताऱ्या कापडवाल्याने सांगितले आणि वर दोन वार कापड स्वस्त दिले.

उन्हाचे सांगते. आपण वर्धेच्या माणसांना कोणी ऊन शिकवू नये असे मला वाटे. परंतु आपल्याकडे उकाडा कोरडा, रात्री अंगणात खाट टाकली की झोप लागते. तेथे समुद्राची वाफ. २६ जून २०१८ ला मस्कतजवळच्या कुरियात गावी चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. पहाटेही नाही! नळाला येणारे पाणी इतके कढत की हात धरवत नसे. तेव्हा तेथल्या बायका एक युक्ती करतात. उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. त्याची टाकी घरात असल्याने तिच्यातले पाणी त्यातल्या त्यात गार राहते, म्हणून अंघोळीला 'गरम' पाण्याची तोटी सोडायची. सासूबाईंना हे कळविले तर त्या दोन दिवस हसत होत्या. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. परंतु एसी बंद पडतात ते नेमके त्याच दिवसांत. हे पहाटे पाचला निघत, संध्याकाळी येत तेव्हा सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उठलेले असत. सात वर्षे असले सदरे हा माणूस एकटा धूत होता, हे मला तेथे गेल्यावर कळले. फोनवर ते 'सगळे ठीक' एवढेच सांगत.

मला नोकरी करण्याची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला कमावता येत नाही. तेव्हा मी ठरविले की कमावता येत नाही तर गळती थांबवू. मी आले तोवर हे दोन वेळा बाहेर जेवत. मी डबा सुरू केला आणि एक वही घातली. त्या वेळी एका रियालला साधारण १७० रुपये पडत. पहिले काही दिवस मी प्रत्येक वस्तूचे रुपये करी आणि काहीच न घेता परत येई. अशाने माणूस उपाशी मरेल! मग रुपये करणे सोडले आणि रियालातच हिशेब शिकले. सहा महिन्यांनी पाहिले तर माझा खर्च धरूनही घरी जाणारी रक्कम पूर्वीपेक्षा कमी झाली नव्हती. १९३२ च्या डिसेंबरात विनोबाजी आपल्या या नालवाडीत राहावयास आले आणि कताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो काय, याचा हिशेब त्यांनी येथे स्वतःवर करून पाहिला, असे मामंजी सांगतात. त्या थोर माणसाशी माझी बरोबरी नाही. पण वही लिहिताना मला ती गोष्ट आठवे.

खाण्याचे म्हणाल तर डाळ, तांदूळ, बेसन सारे मिळते. ज्वारीचे पीठही मिळे, परंतु पिशवीतले, दळून किती दिवस झाले देव जाणे. भाकर थापली की कडेला चिरे. उकड काढून केली तेव्हा जमू लागली. तेथली रोटी 'खुब्ज' म्हणतात, मैद्याची, मऊ. घाईच्या दिवशी वरणाबरोबर तीच. सांभार भरपूर मिळे, म्हणून सांभारवड्या पुष्कळ केल्या. त्या केरळच्या बाईला इतक्या आवडल्या की ती मला खोबरे किसून देई आणि मी तिला वड्या. संत्री मिसर देशाची, दिसायला सुरेख, पण आपल्या संत्र्याचा वास त्यांना नाही. उन्हात वाळवून काळी केलेली लिंबे तेथे मिळतात, 'लुमी' म्हणतात. एक फोडून आमटीत टाकले तर आमसुलाची आठवण येत नाही. आणि खजूर! एका उत्तम जातीचे नाव 'खलास'. ह्यांनी पहिल्यांदा "खलास आणतो" म्हटले तेव्हा मी घाबरलेच. कोणी ओमानी घरी बोलावले की शिऱ्यासारखा चिकट, केशर-वेलचीचा हलवा आणि बिनदुधाची कडू कॉफी देतात. कप लहान असतो. तो हातात हलवून दाखविला नाही तर पुन्हा पुन्हा भरत राहतात.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. खसखस बरोबर नेऊ नका. दुबईकडे ती अमली पदार्थांत धरतात आणि ती सामानात सापडल्याने माणसे तुरुंगात गेली आहेत. आम्ही ओमानला जातानाही नेली नाही. दिवाळीचे अनारसे तिळावर थापले.

दिवाळीवरून सणांकडे येते. तेथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. आपल्या सणांना सुट्टी कोठून असणार? २०१९ चे लक्ष्मीपूजन रविवारी आले. रविवार म्हणजे तेथे कामाचा दिवस. हे रात्री आठला आले, पूजा झाली, जेवले आणि झोपले. खरी दिवाळी पुढच्या शुक्रवारी. तेलुगू बाई, केरळची बाई आणि आम्ही मिळून एकाच स्वयंपाकघरात केली. पंचांग आपल्या जागी, पोटातली दिवाळी शुक्रवारी! पोळा मात्र त्या वर्षी नेमका शुक्रवारी आला. मी कणकेचे बैल केले, पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. येथे लहान पोरे लाकडी बैल ओढत दारोदार फिरत असतील, या विचाराने त्या दिवशी मी खिडकी उघडली नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे नालवाडीतच, त्या दोन ठिकाणी बसवत नाहीत. मी तिकडे त्या दिवशी फक्त आंबील करी. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वराचे मंदिर आहे, दारसैत भागात कृष्णाचे. महाशिवरात्रीला मोतीश्वराला इतकी गर्दी की आपण परदेशात आहोत हे विसरावे. मिरवणूक, ढोल रस्त्यावर चालत नाही, आणि त्यावाचून देवाचे काही अडत नाही असे माझे मत झाले. रमजानात दिवसा बाहेर कोणीही, कोणत्याही धर्माचा असो, खात-पीत नाही. आम्हीही पाळले.

सुट्टीचा प्रवास एकच, पण तो जन्मात विसरणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ईदची सुट्टी जोडून बसने सलालाला गेलो. सुमारे हजार किलोमीटर, रात्रभर नुसते वाळवंट. आणि सकाळी डोंगर हिरवे, धुके, बारीक पाऊस, नारळ आणि केळीचे घड लटकलेली दुकाने! आपला मोसमी वारा त्या एका कोपऱ्याला घासून जातो. जून ते सप्टेंबर तेथे पावसाळा, त्याला 'खरीफ' म्हणतात. आपल्या खरीप हंगामाचाच शब्द. त्याच वर्षी मे महिन्यात मेकुनू वादळाने त्या गावाची दैना केली होती, त्याच्या खुणा रस्त्यावर दिसत. अरब कुटुंबे सतरंज्या टाकून पावसात चहा पीत बसली होती. पाऊस पाहण्यासाठी ती गाड्या घेऊन दुसऱ्या देशांतून येतात. आम्ही दोघे छत्री न उघडता उभे राहिलो. लग्नाला सोळा वर्षे झाली होती, दोघांनी मिळून केलेला तो पहिला प्रवास.

आता मुलाचे. व्हॉट्सॲपवरून समोरासमोर बोलणे तेव्हा ओमानमध्ये बंद होते. फोन महाग पडे. म्हणून तो आवाज भरून निरोप पाठवी. "आई, जेवलो. आजीनं आलूची भाजी केली होती." मी उत्तर भरून पाठवी, ते तो दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ऐके. एक दिवस निरोपातला आवाज फाटलेला वाटला. सर्दी झाली असेल म्हणून मी हळद-दुधाचे सांगितले. सासूबाई म्हणाल्या, सर्दी नाही, आवाज फुटला आहे. मुलाचा आवाज फुटला तो मी फोनच्या पेटीत ऐकला.

त्याची दहावी मार्च २०२० मध्ये. आमची तिकिटे २५ मार्चची होती, म्हणजे शेवटचा पेपर झाला की आई-बाप दारात. २२ मार्चला भारतात येणारी विमाने बंद झाली. त्याचा शेवटचा भूगोलाचा पेपर रद्दच झाला. १ एप्रिलपासून आमचा मतरा तालुका पोलिसांनी बंद केला. रुवी त्यातच येते. जानेवारीत सुलतान काबूस वारले, तेव्हा शहर तीन दिवस गप्प झाले होते, पण ही शांतता वेगळी होती. कंपनीने पगार अर्धा केला, मग नोकरी गेली. घरात तांदूळ होता, डाळ होती, आणि वहीत लिहिलेली थोडी शिल्लक होती. त्या चार महिन्यांत आम्ही कोणापुढे हात पसरला नाही, उलट खालच्या बांगलादेशी पोरांना रोज एक भांडे वरण-भात जाई. २९ जुलैला दहावीचा निकाल लागला. त्याचा निरोप आला, "आई, पास झालो. तू केव्हा येतं?" ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या विमानाने आम्ही मुंबईस उतरलो. मुलगा माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला होता.

मघाशी राहिलेले सांगते. दहावी न झालेली बाई ओमान, कुवेत, सौदी अशा अठरा देशांत नोकरीस जाणार असेल तर सरकारची परवानगी लागते, आणि तीस वर्षांखालील बाईला ती मिळत नाही. दलाल सांगतो, "पर्यटनाच्या व्हिसावर चला, तेथे पाहू." असे नेऊन घरकामाला जुंपल्याच्या तक्रारी फार आहेत. आमच्या गल्लीत आंध्रच्या दोघी होत्या. त्यांची पारपत्रे मालकाच्या कपाटात होती, शुक्रवारही नव्हता. दलालाची नोंदणी सरकारकडे आहे काय, हे विचारण्यात लाज कसली?

आमचे हे आता वर्धेत दुरुस्तीचे दुकान चालवितात. घराच्या दोन खोल्या झाल्या, मामंजींना दिसते. मुलगाही तेच काम शिकला आहे, आणि परवा म्हणाला, "आई, मी जाऊ का तिकडे?" मी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. ती वही त्याच्यापुढे ठेवली. त्याचे वाचून झाले की ती पुन्हा कपाटात येईल. ज्या घरी मुलीचे स्थळ तिकडचे आले असेल, त्यांनी यावे आणि आकडे स्वतः पाहावेत. दुपारी तीननंतर मी घरीच असते.