दहावी सही
(वसमतच्या सभेतलं भाषण)


एकजण म्हणाला, उभं राहायचं तर थेट राज्यपालपदालाच राहा की! 1947 साली घटना समितीत राज्यपाल प्रौढ मतदानानं निवडायचं ठरलं होतं. 1949 साली ते फिरवलं. आता कलम 155 : राष्ट्रपती नेमणार. तिथं तुमच्या-माझ्या मताला जागाच नाही. म्हणून मी विधानसभेला अपक्ष उभा राहतोय.

अनुसूचित जातीच्या उमेदवाराला अनामत 5,000. ती वर्गणीतून जमली. अडलंय सूचकांपाशी. मान्यताप्राप्त पक्षाला एक सही पुरते, अपक्षाला 10 लागतात. अन् सही करणाराला उद्या मजुरीला मालकाच्याच हळदीत जायचंय. तरी नऊ झाल्या, चार बायांच्या. एक षष्ठांश मतं नाही पडली तर अनामत जप्त होईल. होऊ द्या. सह्या जप्त होत नसतात.

दहावी कोण करतो? पुढं या.